तलवार, हसू आणि ध्यान : ‘अ टच ऑफ झेन’ पाहताना

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने तलवारबाजीच्या चिनी चित्रपटावर का बोलावं, असं तुमच्यापैकी काहींच्या मनात आलं असेल. न्याय्य कारणासाठी केलेल्या हिंसेची किंमत कोणी चुकवायची, हा नीतिशास्त्रातला जुना प्रश्न आहे. वर्गात आम्ही तो संकल्पनांच्या भाषेत मांडत आलो. हा चित्रपट तो प्रश्न प्रेक्षकाच्या मांडीवर आणून ठेवतो, आणि तोही प्रेक्षक टाळ्या वाजवण्याच्या बेतात असताना! म्हणून आज त्याच्याविषयी बोलू.

आधी थोडी पार्श्वभूमी. दिग्दर्शक किंग हू. जन्म १९३२ चा, बेजिंगचा. १९४९ मध्ये ते हाँगकाँगला आले. तिथे शॉ ब्रदर्ससाठी त्यांनी १९६६ मध्ये ‘कम ड्रिंक विथ मी’ केला, मग तैवानला जाऊन १९६७ मध्ये ‘ड्रॅगन इन’. त्यानंतरचा हा ‘अ टच ऑफ झेन’. तैवानमध्ये तो दोन भागांत प्रदर्शित झाला, आणि तीन तासांच्या अखंड रूपात १९७५ साली कान महोत्सवात त्याला तांत्रिक गुणवत्तेचं पारितोषिक मिळालं. एक गोष्ट लक्षात ठेवा. ‘झेन’ हा शब्द इंग्रजी नावात आहे. मूळ चिनी नाव आहे ‘शिया न्यू’, म्हणजे न्यायासाठी शस्त्र हाती घेणारी स्त्री. एकच चित्रपट, पण एक नाव तलवारीचं आणि दुसरं ध्यानाचं. आपली चर्चा या दोन नावांच्या मधल्या जागेत आहे.

कथा मिंग काळातली. दरबारात वेई चोंगश्येन नावाच्या खोज्याची सत्ता, आणि तिच्या पाठीशी ‘पूर्व कोठार’ ही गुप्त पोलीसयंत्रणा. हे सगळं इतिहासातलं आहे. वेईवर उघड आरोप करणारा यांग लियन हा अधिकारी १६२५ मध्ये तुरुंगात छळ होऊन मेला. चित्रपटाची नायिका यांग हुइचेन ही वेईने बळी घेतलेल्या अशाच एका अधिकाऱ्याची मुलगी आहे. जीव वाचवण्यासाठी ती एका पडक्या गढीत लपून राहते.

पण चित्रपट तिच्यापासून सुरू होत नाही. तो सुरू होतो कोळ्याच्या जाळ्यांपासून, आणि मग येतो गूकडे. हा गू म्हणजे तिशी गाठलेला पंडित. लोकांची चित्रं काढून, पत्रं लिहून देऊन पोट भरतो. आई सारखी मागे लागलेली, ‘परीक्षा दे, अधिकारी हो, लग्न कर’. शेजारच्या गढीत भुतं आहेत अशी गावात समजूत. बाजारात एक आंधळा ज्योतिषी आहे, एक नवा वैद्य आहे, आणि दोघेही दिसतात तसे नाहीत. आता गंमत पाहा, तलवारबाजीचा चित्रपट म्हणून आलेल्या प्रेक्षकाला पहिल्या खऱ्या चकमकीसाठी जवळजवळ तासभर थांबावं लागतं. तोवर आपण गूच्या डोळ्यांनी बघतो, त्याच्याइतकेच अर्धवट बघतो. ही संथ सुरुवात अनेकांना खटकते. आम्हाला ती आवश्यक वाटते, कारण आपण गूच्या बाजूचे होऊन बसणं दिग्दर्शकाला हवं आहे. का, ते पुढे कळतं.

बांबूच्या वनातली लढाई जगप्रसिद्ध आहे. चित्रपट न पाहिलेल्यांनीही तिची छाया पाहिली असेल; २००० सालच्या आंग ली यांच्या ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’मधलं बांबूवन तिच्याच वंशातलं आहे. त्यातल्या हालचालींची आखणी करणारे हान यिंग-चिए पेकिंग ऑपेराच्या परंपरेतले. तिथली कसरत, तिथला ताल या लढायांत उतरला आहे. पण किंग हू यांचं खरं कौशल्य कापणीत आहे. झेप सुरू होताना दिसते, मधला क्षण निसटतो, आणि पुढच्या दृश्यात पाय जमिनीला टेकलेले. यांग बांबूच्या शेंड्यावरून सरळ खाली झेपावते तेव्हा आपण ते नीट पाहिलं की नुसतं भासलं, हे सांगता येत नाही. बांबूंमधून तिरपं ऊन, धूसर हिरवा रंग. इतकं सुंदर, की तिथे माणसं मरत आहेत हे आपण विसरतो. हे विसरणंही पुढे हिशेबात धरायचं आहे.

आता मुख्य प्रसंग. शत्रूची मोठी तुकडी चालून येणार आणि इकडे माणसं मोजकी. तेव्हा युद्धशास्त्राची पुस्तकं वाचलेला गू योजना आखतो. भुतांच्या अफवा पसरवायच्या, आणि अंधारात गढीत बाहुल्या, दोऱ्या, घंटा, सापळे मांडायचे. रात्री सैनिक आत शिरतात, घाबरतात, कापले जातात. योजना पूर्ण यशस्वी. सकाळी गू एकटाच गढीतून फिरतो. ही बाहुली, हा सापळा, हा दोर! आपल्याच हुशारीवर तो खदखदून हसतो. आजवर परीक्षेला न बसलेल्या या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा बुद्धीचं चीज झाल्यासारखं वाटतं. आणि हसता हसता तो अशा जागी येतो, जिथे प्रेतं पडली आहेत. एक नव्हे, दोन नव्हे, सगळीकडे. हसू विरतं. थोड्या वेळाने भिक्षू येतात आणि शांतपणे मृतांचं क्रियाकर्म करू लागतात.

श्रोतेहो, आमच्या मते सगळा चित्रपट या सकाळीवर उभा आहे. गूचा पक्ष न्याय्य होता याबद्दल शंका नाही. वेईची माणसं अत्याचारीच होती. तरी ते हसू लाजिरवाणं का वाटतं? कारण गूने युद्ध कागदावर पाहिलं होतं. त्याच्या बुद्धीची किंमत दुसऱ्यांच्या शरीरांनी चुकवली, आणि रात्रभर तो हिशेब त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता. आणि आपण? आपणही त्या बाहुल्यांवर हसलो होतो, बांबूवनात भान विसरलो होतो. महाभारतात विजयानंतर स्त्रीपर्व येतं, कारण विजेत्यांना रणभूमी उजेडात पाहायला लागावी. किंग हू प्रेक्षकाला तीच सकाळ दाखवतात.

इथून चित्रपट वळतो. यांग निघून जाते. पुढे ती गूचं मूल त्याच्या हाती सोपवते आणि मठाची वाट धरते. मूळ कथा पू सोंगलिंग यांच्या ल्याओचाय कथासंग्रहातली. तिथेही ती स्त्री उपकार फेडण्यासाठी गरीब पंडिताला मूल देते, बापाचा सूड घेते आणि नाहीशी होते. राजकारण आणि बौद्ध मठ ही दिग्दर्शकाची भर. यांगच्या भूमिकेत श्यू फंग आहेत, पुढे १९९३ च्या ‘फेअरवेल माय कॉन्क्युबाइन’च्या निर्मात्या म्हणून गाजलेल्या. चेहऱ्यावर कुठेही विजयाचा आनंद नाही. ती मारते, पण मारण्याची मजा घेत नाही. आमची तक्रार एवढीच की शेवटच्या तासात तिला बोलायला फार थोडं ठेवलं आहे. चित्रपट तिच्या नावाचा, पण तिने संन्यास का घेतला हे आपल्याला तर्काने भरून काढावं लागतं.

शेवट वादग्रस्त आहे. मठाधिपती हुइ युआन शस्त्राशिवाय सगळ्यांना नामोहरम करतात. एक आक्षेप रास्त आहे : अहिंसा जिंकते ती अधिक बलवान आहे म्हणून, तर ती बळाचीच वरची पायरी झाली; मग तिला अहिंसा का म्हणायचं? चित्रपट इथेच थांबला असता तर हा आक्षेप आम्ही मान्य केला असता. पण पुढे सेनापती श्यू पश्चात्तापाचं सोंग करून पाया पडतो, आणि विश्वास ठेवणाऱ्या हुइ युआन यांना भोसकतो. जखमेतून सोनेरी रक्त वाहतं. श्यू भ्रमिष्ट होऊन कड्यावरून कोसळतो. हुइ युआन डोंगरावर पद्मासनात बसतात, आणि मस्तकामागे सूर्य प्रभावळीसारखा येतो.

‘झेन’ हा शब्द आपल्या ‘ध्यान’ शब्दाचाच प्रवास आहे. तो चिनीत ‘छान’ झाला आणि जपानीत ‘झेन’. ही परंपरा चमत्कारांना फारसा भाव देत नाही, म्हणून सोनेरी रक्त आणि रंग उलटे केलेली दृश्यं काही जणांना सवंग वाटतात. काही ठिकाणी ती सवंग आहेतही. तरीही आम्ही या शेवटाच्या बाजूने आहोत. गूच्या सकाळशेजारी तो ठेवून पाहा. गूच्या कृतीची किंमत इतरांच्या शरीरांनी चुकवली. हुइ युआन आपल्या विश्वासाची किंमत स्वतःच्या शरीराने चुकवतात. सर्वांत बलवान माणूस जखमी होतो, कारण शरण आलेल्यावर विश्वास ठेवायचा हे त्याचं व्रत आहे. यांग या दोघांच्या मधली. ती किंमत घेतेही आणि देतेही. म्हणून शेवटी ती पंडिताकडे न जाता त्या ध्यानस्थ आकृतीकडे जाते, असं आम्ही समजतो.

याने गढीतल्या मृतांचा प्रश्न सुटतो का? नाही. त्यांना कोणी परत आणत नाही, गूही पुन्हा तसा हसत नाही. चित्रपट त्यांचं समर्थन करत नाही आणि गूला शिक्षाही देत नाही. एवढी संयमी नीतिदृष्टी लोकप्रिय चित्रपटात क्वचित दिसते, आणि म्हणून त्याच्या ढिल्या जागा आम्ही सहन करतो.

पाहायला बसाल तेव्हा घाई करू नका. पहिला तास धीराने घालवा. गढीतली ती सकाळ आली की आपण नेमके कुठे हसलो आणि कुठे थांबलो, हे आठवून ठेवा. पुढच्या वेळी प्रश्नोत्तरांत तिथूनच सुरुवात करू.