अवतरणचिन्हांच्या कुंपणातील भाषा

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. मराठीच्या प्राचीनत्वाची चर्चा 'लीळाचरित्रा'शिवाय होत नाही. हा ग्रंथ म्हाइंभटाने तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात वऱ्हाडातील रिद्धपुरास सिद्ध केला. चक्रधरांच्या भ्रमंतीत लोणार आणि मेहकर ही आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील गावे येतात. पुढे पंथातील एक पंडित संस्कृतात ग्रंथरचना करू लागला, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्याला थांबवले. तसे झाले तर आपल्या म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकतील, अशी त्यांची भूमिका 'स्मृतिस्थळा'त नोंदलेली आहे. म्हणजे ज्या मराठीचा आज गौरव होतो, ती ग्रंथभाषा झाली ती कोणाला समजावे या प्रश्नातून. शुद्ध काय आणि अशुद्ध काय, हा प्रश्न तेव्हा कोणी केला नव्हता.

मी याच जिल्ह्यात अध्यापन करतो. सातशे वर्षांनंतर त्या म्हाताऱ्यांची नातवंडे वर्गात बसतात आणि त्यांना सांगितले जाते की, तुमची भाषा गावंढळ आहे.

आमचे लोक जिल्ह्याचे दोन भाग मानतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. देऊळगाव राजाकडची बोली मराठवाड्याकडे झुकते. घाट उतरून खामगाव-शेगावकडे गेले की 'मला'चे 'मले' होते, 'माझा'चे 'माहा' होते, 'डोळा' हा 'डोया' होतो. मुलगा उभा राहून म्हणतो, "मले समजलं." त्याला खरोखरच समजलेले असते. परंतु मास्तरांचे लक्ष 'समजलं'कडे नसते, 'मले'कडे असते. वर्ग हसतो. असे चार वेळा झाले की मूल हात वर करणे सोडते आणि मग त्याच्याविषयी शेरा लिहिला जातो: अभ्यासात मागे. पुस्तकाची भाषा ज्याच्या घरी बोलली जाते, त्या मुलाला फक्त उत्तर शोधायचे असते. आमच्या मुलाला उत्तर शोधायचे असते, ते मनातल्या मनात भाषांतरित करायचे असते आणि चूक होईल या भीतीशी झगडायचे असते. ही तिप्पट मेहनत कोणत्याही गुणपत्रिकेत दिसत नाही.

शाळेतला हा व्यवहार आणि साहित्यातला व्यवहार वेगळा नाही. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले, १९७२ साली त्यांत भर पडली. या नियमांत एक सवलत आहे. पात्राच्या तोंडी घातलेल्या मजकुरात बोलण्यातील उच्चाराप्रमाणे लिहिण्यास हरकत नाही. सवलत निरुपद्रवी दिसते, परंतु तिच्यात एक अख्खी समाजव्यवस्था दडलेली आहे. पात्राने बोलीत रडावे, भांडावे, शिव्या द्याव्यात. त्याच्या रडण्याचा अर्थ मात्र निवेदकाने प्रमाण भाषेत सांगावा. बोलीला भावना दिल्या गेल्या, विचार दिला गेला नाही. अवतरणचिन्हे हे तिचे कुंपण ठरले.

आपल्या प्रदेशातील कादंबऱ्या या दृष्टीने वाचल्या पाहिजेत. उद्धव शेळके यांच्या 'धग' (१९६०) मधील कौतिकचे बोलणे मराठी वाचकाला वऱ्हाडी बोलीचे सामर्थ्य दाखवून गेले. परंतु कौतिकविषयी सांगणारा आवाज बहुतांशी प्रमाण भाषेतच राहतो. आमच्याच जिल्ह्यातील अमडापूरचे सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास'ला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शिकूनही बेकार राहिलेला एकनाथ आणि त्याचे घर आपल्या बोलीत भांडते, तुटते. निवेदनात वऱ्हाडी शब्द येतात, पण चौकट प्रमाणाचीच आहे. या दोन्ही कृतींचे मोल त्यामुळे कमी होत नाही. मला दाखवायचे आहे ते हे की, एवढे समर्थ लेखकही कुंपणाजवळ आले की सावध होतात.

हे कुंपण दलित लेखकाने मोडले. 'गोलपिठा' (१९७२) मध्ये नामदेव ढसाळांनी रस्त्यावरची भाषा कुणा पात्राच्या तोंडी घातली नाही, ती कवीची स्वतःची भाषा आहे. दया पवारांच्या 'बलुतं' (१९७८) मध्ये दगडू मारुती पवार सांगतो आणि शिकलेला दया पवार ऐकतो. एकाच माणसाचे दोन तुकडे समोरासमोर बसवण्याची ही युक्ती केवळ तंत्र नव्हे, शिक्षणाने आपल्या माणसाचे काय केले त्याची ती साक्ष आहे. आणि शांताबाई कांबळे यांच्या आत्मकथनाचे (१९८६) नावच पाहा: 'माज्या जल्माची चित्तरकथा'. शांताबाई शिक्षिका होत्या. 'माझ्या जन्माची' असे लिहिणे त्यांना येत नव्हते, असे कोण म्हणेल? जे वहीत लाल शाईने खोडले जाते, ते त्यांनी मुखपृष्ठावर ठेवले.

यावर आपल्यातलेच काही कार्यकर्ते विचारतील, मग आमच्या मुलांनी बोलीतच राहावे काय? प्रमाण मराठी आणि इंग्रजी वरच्यांनी शिकावी आणि आम्ही 'मले-तुले' करीत बसावे काय? ही शंका योग्य आहे. बोलीचे गोडवे गाणाऱ्यांत गावाच्या आठवणीने हळवे होणारे पुष्कळ आहेत. गावाची बोली निष्पाप नाही. पाटलाच्या वाड्यातही हीच बोली होती. त्याच बोलीत महाराच्या म्हाताऱ्यालाही अरे-तुरे होत होते, तिच्यातच जातीवरच्या म्हणी होत्या आणि 'जोहार' होता. आंबेडकरी चळवळीने 'जोहार' टाकून 'जय भीम' घेतला, तेव्हा एक शब्द बदलला नाही, वाकलेली मान सरळ झाली. आणि बाबासाहेबांनी ज्ञानासाठी इंग्रजी आत्मसात केली, तर आपल्या माणसांशी बोलण्यासाठी १९२० साली 'मूकनायक' मराठीत काढला. एक भाषा घ्यायची म्हणून दुसरीची लाज बाळगायची, असा सौदा त्यांनी केला नाही. तेव्हा वाद बोली की प्रमाण, असा नाहीच. निवेदन कोणाच्या हाती, हा वाद आहे.

या वादाचे टोक आमच्याच जिल्ह्यात आहे. जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी निहाल समाज राहतो. त्यांची निहाली भाषा जगातील कोणत्याही ज्ञात भाषाकुळात बसत नाही. ती बोलणारे दोन-तीन हजारांच्या आसपास उरले आहेत. कायपर या डच पंडिताने १९६२ साली तिच्यावर ग्रंथ लिहिला आणि ही चोरांच्या सांकेतिक बोलीसारखी असावी काय, अशीही शक्यता मांडली. आपल्याला समजू नये म्हणून हे असे बोलतात, ही शंका गरिबाच्याच भाषेविषयी यावी, हे लक्षात घेण्यासारखे आहे. दहा हजारांहून कमी भाषकांच्या भाषा १९७१ पासून जनगणनेच्या प्रसिद्ध यादीत स्वतंत्र दाखवल्या जात नाहीत. अनुसूचित जमातींच्या यादीतही निहाल हे नाव कोरकूच्या नोंदीखाली येते. अभ्यासकाच्या टिपणवहीत नमुना म्हणून या भाषेला जागा आहे, पण तिच्यातून शिकवणारे पाठ्यपुस्तक नाही. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय राज्याने करावी, असे संविधानाचे कलम ३५०-अ १९५६ पासून सांगते. निहाल मुलासाठी मात्र वऱ्हाडीही दुसरी आणि प्रमाण मराठी तिसरी. जो मराठी मास्तर वऱ्हाडीला हसतो, त्याच्यापुढे हे मूल तोंड कसे उघडणार?

म्हणून शिक्षक मित्रांना माझे सांगणे आहे. मुलाचे उत्तर आधी ऐका, ते बरोबर असेल तर आधी बरोबर म्हणा. प्रमाण रूप नंतर शिकवा, आणि ते शिकवाच, कारण अर्ज, परीक्षा आणि न्यायालय त्याच भाषेत चालते. विद्यार्थ्यांना सांगणे आहे की, आत्मकथने केवळ दुःखासाठी वाचू नका, सांगणारा कोणत्या भाषेत विचार करतो तेही पाहा. आणि आपल्या लेखकांकडे एक मागणी आहे. आत्मकथनात आपण आपले जगणे आपल्या भाषेत सांगितले. आता इतिहास, समीक्षा, शेतीचे अर्थशास्त्र, धम्माचे विवेचन याच भाषेत करून पाहावे. माझा हा लेखही प्रमाण भाषेतच आहे, कारण वऱ्हाडीत समीक्षा कशी लिहायची याचा पायंडा अजून पडलेला नाही. तो घाटाखालच्या एखाद्या पोरीने पाडावा. तिच्या लेखातला 'मले' तपासणाऱ्याने खोडू नये, एवढी तयारी आपल्या नियतकालिकांनी आजपासून ठेवली पाहिजे.