कुब्जेचे शरीर

इंदिरा संत (१९१४–२०००) यांची ‘कुब्जा’ ही कविता आम्ही वर्गात पुष्कळदा राधेच्या बाजूने शिकवली. राधेच्या आधी कुणी जागे आहे, एवढी हुरहूर टिपली की रसग्रहण पुरे होई. भिलाईलगतच्या जामुल येथे, कारखान्यांच्या निमित्ताने स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांच्या एका वाचनबैठकीनंतर मात्र निराळाच प्रश्न समोर आला. विचारणाऱ्या तरुणाच्या आतड्यावर शस्त्रक्रिया झालेली होती. मलविसर्जनासाठी पोटावर छिद्र, ज्याला डॉक्टर ‘स्टोमा’ म्हणतात, आणि त्यावर कायमची पिशवी. घरात लग्नाची बोलणी चालू होती. इतर उठून गेल्यावर त्याने विचारले, “सर, कृष्णाने कुब्जेला आधी सरळ केले, की आधी जवळ केले?”

भागवताचे उत्तर असंदिग्ध आहे. दशम स्कंधात कृष्ण तिच्या पावलांवर पाय ठेवतो, हनुवटीखाली दोन बोटे धरतो आणि तीन ठिकाणी वाकलेली ती दासी सरळ, सुंदर होते. त्यानंतर ती त्याचे उत्तरीय ओढते (हे धैर्य तिचे, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते). तो तिच्या घरी जातो तो आणखी पुढे. दुरुस्ती आधी, शृंगार नंतर.

इंदिराबाईंनी हा क्रमच मोडला. भागवतातील कुब्जा मथुरेची; कवितेत ती गोकुळ निजले असताना नदीच्या पाण्यात उभी आहे. स्थळाबरोबर काळही बदलला. कृष्णाने गोकुळ सोडण्यापूर्वीची ही पहाट, म्हणजे त्या दोन बोटांचा स्पर्श अजून व्हायचाच आहे. ही स्त्री वाकलेलीच आहे, आणि तशीच ती मुरलीचा सूर आपल्यासाठी आहे असे मानते. तिच्या पाठीचे वर्णन कवितेत नाही; कणवही नाही.

तरीही एक गोष्ट मला खटकत राहते. पावा पैलतीरावर वाजतो, मधे पाणी आहे. कवितेने त्या देहाला प्रेमाचा अधिकार दिला, स्पर्श मात्र दिला नाही. आणि तो अधिकारही राधा निजली आहे तोवरचाच. त्या तरुणाची अडचण नेमकी येथून सुरू होते. जखम भरल्यावर पिशवी सहवासाच्या आड बहुधा येत नाही, असे वैद्यक सांगते. पण कुब्जेचा बाक साऱ्या गावाला दिसतो, याची पिशवी सदऱ्याखाली झाकलेली. त्याला आधी सांगावे लागणार. केव्हा, कोणत्या शब्दांत? कुब्जेचे उद्गार तर स्वतःशीच आहेत. ऐकायला त्या पाण्यात दुसरे कुणी नाही.