तेजोमेघांचे रंग कोणी ठरवले?

शहराच्या उजळलेल्या आकाशातून टिपलेल्या अंधूक तेजोमेघांच्या छायाचित्रांचे कौतुक होते, ते योग्यच आहे. आयनीभूत हायड्रोजनचा लाल प्रकाश ६५६.३ नॅनोमीटरला असतो, तर सोडियम दिव्यांचा पिवळा मुख्यतः ५८९ च्या आसपास. सात नॅनोमीटर रुंदीचा फिल्टर पहिला सोडतो, दुसरा अडवतो. (एलईडीचा पांढरा प्रकाश मात्र सर्वत्र पसरलेला; तो थोडा शिरतोच.)

आक्षेप आहे तो रंगांना. १९९५ साली हबल दुर्बिणीने घेतलेल्या गरुड तेजोमेघाच्या चित्रात गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिला होता. वास्तविक गंधक व हायड्रोजन दोघांच्याही त्या रेषा लालच! वायू वेगळे ओळखता यावेत म्हणून ती सोय होती. हौशी छायाचित्रकार तीच रंगसंगती घेतात, पण खाली खुलासा देत नाहीत. मग दुर्बिणीत राखाडी धूसर डाग पाहून विद्यार्थी हिरमुसतो. असे चित्र भिंतीवर लावण्याआधी शिक्षकांनी कोणता रंग कोणत्या वायूचा, हे शोधून खाली लिहावे.

कृत्तिकांभोवतीचा निळसर मेघ तर ताऱ्यांचाच प्रकाश विखुरतो. त्याचा वर्णपट अखंड. तिथे हा फिल्टर निरुपयोगी, गावाबाहेरच जावे लागते.