बालरुग्णांच्या क्लेशाचे मापन आणि उक्तीचा अर्थ

सुई टोचणे, कण्यातील द्रव काढणे, अस्थिमज्जेचा नमुना घेणे इत्यादी उपचारप्रसंगी मुलास जो त्रास होतो, तो मोजण्यासाठी १९८० नंतर अनेक निरीक्षणश्रेणी तयार झाल्या. लहान मुलाच्या बाबतीत वेदना कोठे संपते आणि भीती कोठे सुरू होते हे बाहेरून सांगणे कठीण असल्यामुळे, या दोहोंच्या प्रकट रूपास मिळून ‘क्लेश’ असे म्हणण्याचा प्रघात पडला. या श्रेणींचा विचार आजवर मुख्यतः मानसशास्त्र आणि वैद्यक यांच्या दृष्टीने झाला आहे. तथापि त्यांतील काही घटक निव्वळ भाषिक आहेत; आणि भाषिक घटकांची परीक्षा भाषाविज्ञानाच्या कसोटीवर होणे अगत्याचे आहे. तशी ती केली असता असे दिसते की, या श्रेणी उक्तीला क्लेशाचे केवळ लक्षण मानतात. उक्ती ही कृतीही असते, याची दखल त्या पुरेशी घेत नाहीत.

सुसान जे आणि त्यांचे सहकारी यांनी १९८३ मध्ये मांडलेली वर्तनक्लेशाची निरीक्षणश्रेणी प्रथम पाहू. कर्करोगग्रस्त मुलांच्या अस्थिमज्जा-तपासणीच्या वेळी वापरण्यासाठी ती रचली गेली. तीत अकरा वर्तनप्रकार असून पंधरा-पंधरा सेकंदांच्या कालखंडांत त्यांची नोंद केली जाते, आणि प्रत्येक प्रकारास तीव्रतेनुसार १ ते ४ यांमधील भार दिला जातो. किंकाळी, हातपाय झाडणे यांना अधिक भार आहे, हे योग्यच. परंतु शाब्दिक विरोध, आधाराची याचना, वेदनेचा उच्चार, भीतीचा उच्चार आणि माहितीची विचारणा हे पाच प्रकार सर्वस्वी बोलण्याचे आहेत. म्हणजे “आता काय करणार?” असे विचारणारे मूल, भार थोडा असला तरी, क्लेशाच्याच खात्यात जमा होते. जो प्रश्न मुलाला प्रसंग समजून घेण्यास आणि सोसण्यास साहाय्य करतो, तो व्याकुळतेच्या प्रश्नाहून वेगळा कसा ओळखावा, हे केवळ प्रश्नाच्या रूपावरून ठरत नाही.

याच्या शेजारी पॅट्रिक मॅकग्रा व सहकारी यांची १९८५ ची, पूर्व ऑन्टॅरिओच्या बालरुग्णालयाच्या नावाने ओळखली जाणारी श्रेणी ठेवली, तर अडचण अधिक स्पष्ट होते. ती मुळात शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेसाठी आहे. तीत एकूण गुण ४ ते १३ असतात. तिच्या शाब्दिक घटकात वेदनेची तक्रार केल्यास २ गुण, अन्य तक्रार केल्यास १, काहीच न बोलल्यास १ आणि प्रसन्न बोलण्यास ० असे कोष्टक आहे. “मला आई हवी” ही येथे अन्य तक्रार ठरते. म्हणजे आईला हाक मारणारे मूल आणि गप्प पडून राहिलेले मूल यांना एकच गुण मिळतो. पहिल्या श्रेणीत मात्र हीच हाक आधाराची याचना म्हणून भार मिळवते आणि मौनाची गणना शून्य होते. दोन्ही श्रेणींची उद्दिष्टे भिन्न आहेत हे मान्य केले तरी, एकाच उक्तीचे मूल्य इतके बदलते याचे कारण मुलाच्या क्लेशात नसून वर्गीकरणात आहे, हे उघड आहे.

अशी श्रेणी मराठी मुलांना लावावयाची झाल्यास केवळ सूचनांचे भाषांतर पुरणार नाही. “आई गं!” हा उद्गार घ्या. रूपाने तो संबोधन आहे. व्यवहारात तो वेदनेचा उद्गार आहे, आणि ज्यांची आई हयात नाही अशी वृद्ध माणसेही तो सहज उच्चारतात. परंतु तपासणीच्या खोलीत आई दाराशी उभी असताना तोच उद्गार खरीखुरी हाकही असू शकतो. तो वेदनेच्या उच्चारात घालावा की आधाराच्या याचनेत? उद्गारानंतर मुलाची नजर कोणाकडे वळते, ते उत्तराची वाट पाहते काय, यावरूनच हे ठरेल. नुसत्या शब्दावरून नाही. “टोचलं!” या उक्तीत वेदनेचे नाव नाही, कृतीचे आहे, “दुखतंय” मध्ये वेदना आहे, “लागलं” मध्ये इजा आहे. या तिन्ही उक्ती एकाच खान्यात टाकल्या, तर मूल काय सांगत आहे यातील भेद हरवतो. “झालं का?” ही तर रूपाने विचारणा, पण बहुधा थांबवण्याची विनंती असते.

या आक्षेपावर असे उत्तर दिले जाईल की, प्रशिक्षित निरीक्षकांच्या नोंदींत चांगली एकवाक्यता आढळते. परंतु एकवाक्यता म्हणजे यथार्थता नव्हे. एकाच नियमपुस्तिकेवर तयार झालेले दोघे “आई गं” एकाच खान्यात टाकतील, यात नवल नाही. तो खाना बरोबर आहे की नाही, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

हा प्रश्न केवळ परिभाषेचा नाही. अर्नेस्ट कॅट्झ व सहकारी यांनी १९८० मध्येच दाखवले होते की, वयाबरोबर क्लेशाचे प्रकट रूप बदलते. धाकटी मुले अनेक प्रकारे आणि दीर्घकाळ आक्रोश करतात, तर मोठ्या मुलांचे वर्तन संयत असते. गुणसंख्या कमी म्हणून मोठ्या मुलास भूल कमी देण्याचा निर्णय झाला, तर मापनाचा दोष थेट त्याच्या शरीरावर उमटेल. तसेच एखाद्या उपायाने किंकाळ्या थांबल्या, तर मूल शांत झाले की केवळ गप्प झाले, हे श्रेणी सांगत नाही. या संदर्भात मराठीतला एक शब्द विचारात घेण्याजोगा आहे. रडणाऱ्या मुलाला आपण ‘उगी, उगी’ म्हणतो, आणि ‘उगा’ या शब्दाचा अर्थच मुळी गप्प असा आहे. सांत्वन आणि मौनाची अपेक्षा येथे एकाच शब्दात नांदतात.

रोनाल्ड ब्लाउंट आणि त्यांचे सहकारी यांनी १९८९ मध्ये मूल व प्रौढ या दोघांच्याही बोलण्याची नोंद करणारी श्रेणी मांडली, ती म्हणूनच अधिक मोलाची वाटते. उक्तींचा क्रम तीत विचारात घेतला जातो. विनोद, उपचाराव्यतिरिक्त गप्पा, श्वासाविषयीच्या सूचना यांच्या जोडीने मुले प्रसंग अधिक चांगल्या रीतीने निभावतात. उलट “काही होत नाही” यासारखे दिलासे, क्षमायाचना आणि टीका यांच्या जोडीने क्लेश अधिक दिसतो, असे या संशोधनात आढळले. अर्थात दिलासा हा बहुधा आधीच रडणाऱ्या मुलालाच दिला जातो, तेव्हा क्लेशाचे कारण दिलाशावर ढकलताना सावधगिरी हवी. तरीही मुलाची उक्ती संवादाचा भाग म्हणून पाहण्याची ही दृष्टी पुढील कार्यास उपकारक आहे.

मराठीपुरते बोलावयाचे तर प्रथम उपचारखोलीतील प्रत्यक्ष उक्तींचा, पालकांच्या संमतीने व मुलांची ओळख गुप्त ठेवून, संग्रह व्हावा. प्रत्येक उक्तीची तिच्या आधीच्या प्रौढ उक्तीसह आणि स्वरासह नोंद असावी. पुरेशा वयाच्या मुलाचे स्वतःचे निवेदन निरीक्षकाच्या गुणांपासून स्वतंत्र ठेवावे. आणि मौनासाठी कोष्टकात वेगळी जागा असावी. ‘शून्य’ ही नव्हे, तर ‘अनिर्णित’ ही. जे मूल बोलले नाही, त्याला दुखले नाही असे मानण्याचा अधिकार कोणत्याही श्रेणीस नाही.