कॉन्स्टॅन्शियाचे मद्य : साहित्यातील उल्लेख आणि मळ्यातील मौन

दक्षिण आफ्रिकेतील केप टाउनजवळचा ग्रूट कॉन्स्टॅन्शिया हा समुद्रवाऱ्याच्या टापूतील द्राक्षमळा. १६८५ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीचा केपमधील कमांडर सायमन व्हान डर स्टेल यास ही जमीन मिळाली. १७७८ मध्ये हेंड्रिक क्लूटे याने मळा विकत घेतला आणि येथील गोड मद्य युरोपभर पोहोचले. इंग्रजी-फ्रेंच साहित्यातही ते याच वाटेने आले.

जेन ऑस्टेनच्या ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ (१८११) या कादंबरीत मिसेस जेनिंग्ज प्रेमभंगाने खचलेल्या मेरिअनसाठी या मद्याचा पेला आणते आणि आपल्या दिवंगत पतीच्या संधिवातावर त्याचा कसा गुण येई, हे सांगते. मेरिअन नुकतीच झोपी गेली असल्याने एलिनॉर तो पेला स्वतःच पिते. तिचेही मन दुखावलेलेच आहे. प्रसंगातील उपरोध सूक्ष्म आहे. डिकन्सच्या अपूर्ण ‘एडविन ड्रूड’मध्ये (१८७०) हेच मद्य घरगुती बिस्किटासोबत औषधासारखे येते, तर बोदलेअर आपल्या कवितेत प्रेयसीच्या ओठांपुढे ते कमी लेखतो. तिन्ही ठिकाणी मद्याचे नाव आहे, ते पिकविणारे हात मात्र नाहीत.

ते हात गुलामांचे होते. मादागास्कर, मोझांबिक आणि इंडोनेशियातील बेटे यांप्रमाणेच बंगाल, मलबार व कोरोमंडल किनाऱ्यावरूनही माणसे केपला विकली गेली. ‘व्हान बेंगालेन’, ‘व्हान मलबार’ ही त्यांच्या नावापुढची ओळख तेथील कागदपत्रांत आढळते. भारतीय महाविद्यालयांत ऑस्टेन शिकविताना हा संदर्भ सहसा येत नाही, याचे नवल वाटते. एडवर्ड सैद यांनी ‘कल्चर अँड इम्पिरिॲलिझम’मध्ये (१९९३) ‘मॅन्सफिल्ड पार्क’मागील अँटिग्वाचा मळा दाखवून दिला, एलिनॉरच्या पेल्यालाही तोच प्रश्न विचारता येतो. मात्र त्यासाठी ऑस्टेनला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचे कारण नाही. मद्याला घरगुती औषध मानणारा समाज ती नेमका टिपते. त्या औषधाचा उगम शोधणे हे समीक्षेचे काम आहे.

मळ्यावरील सर्वांत बोलकी संहिता मात्र शब्दांत नाही. १७९१ च्या मद्यकोठाराच्या दर्शनी त्रिकोणावर गॅनिमीडचे शिल्प आहे. ते अँटन आनरीथचे मानले जाते. ग्रीक पुराणकथेत झ्यूसने गरुडरूपाने पळवून नेलेला हा ट्रोजन राजपुत्र देवांना पेय वाढणारा सेवक होतो. मालकाने ते शिल्प बहुधा मद्याचे शोभिवंत प्रतीक म्हणूनच पसंत केले असावे. परंतु दूरदेशीहून आणलेल्या माणसांच्या श्रमावर भरणाऱ्या कोठाराच्या कपाळी, घरापासून पळवून सेवेस लावलेला मुलगा कोरलेला असावा, यात शिल्पकाराच्या हेतूपेक्षा मोठा अर्थ आपोआप उमटतो. अभिजात पुराणकथेने अपहरणाला सौंदर्याचे रूप दिले, म्हणूनच ते उघडपणे भिंतीवर राहू शकले.

केपमधील गुलामगिरी १८३४ मध्ये कायद्याने संपली. सक्तीच्या उमेदवारीतून सुटका १८३८ मध्ये झाली. १९२५ च्या आगीनंतर मालकाचा वाडा पुन्हा उभारण्यात आला. आज त्यातील संग्रहालयात गुलामांच्या इतिहासालाही जागा मिळाली आहे. तथापि अनेक पर्यटक कोठाराशी येतात, वर पाहून छायाचित्र घेतात आणि चव पाहण्यासाठी आत जातात.