‘ग्रानलूचे’ ते ‘पद्मिनी’ : एका इटालियन सलून मोटारीचे भारतीयीकरण आणि तिच्या स्वीकाराची चिकित्सा

प्रस्तावना

साहित्यकृतीच्या समीक्षेत निर्मितिप्रक्रिया आणि आस्वादप्रक्रिया या दोन्ही अंगांचा विचार केला जातो. यंत्रयुगातील एखाद्या वस्तूच्या बाबतीत असा विचार क्वचितच होतो. वस्तू एकदा बाजारातून नाहीशी झाली की तिच्याविषयी उरते ते स्मरणरंजन. ‘प्रीमियर पद्मिनी’ या मोटारीच्या वाट्याला नेमके हेच आले आहे. तिच्यावर मराठी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून जे लेखन झाले, त्यातील बहुतांश लेखन मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीभोवती फिरते व हळहळ व्यक्त करून थांबते. ही मोटार मुळात कोणासाठी रचली गेली होती, ती भारतात आल्यावर चैनीची वस्तू कशी ठरली आणि तिच्या दीर्घायुष्याचे श्रेय नेमके कोणाला द्यावयाचे, हे प्रश्न त्या लेखनात येत नाहीत. प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार केला आहे.

हा विचार मुंबईत उभे राहून करण्याऐवजी भंडारा जिल्ह्यातील आंबागडसारख्या गावाच्या बाजूने केल्यास काही गोष्टी अधिक स्पष्ट दिसतात. तुमसर तालुक्यातील आंबागड हे किल्ल्यामुळे ओळखले जाणारे गाव. याच तालुक्यात चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. मँगनीजवाचून पोलाद तयार होत नाही आणि पोलादावाचून मोटार. ज्या भूमीतून यंत्रयुगाचा कच्चा माल निघतो, त्या भूमीतील माणसाला त्या युगाची वस्तू किती काळ केवळ दुरून पाहावी लागली, याचे ‘फियाट’ हे एक ठळक उदाहरण होय.

तुरिनमधील मूळ रचना

१९५३ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात फियाट कंपनीने ‘११००-१०३’ ही मोटार सादर केली. तिचा रचनाकार दान्ते जाकोसा हा विसाव्या शतकातील एक थोर मोटार-अभियंता होता. १९३६ ची ‘५०० तोपोलीनो’ आणि १९५७ ची ‘नुओव्हा ५००’ या दोन्ही मोटारी त्याच्याच. ‘१०३’ हा प्रकल्पाचा क्रमांक. या मोटारीला स्वतंत्र सांगाडा नव्हता. सांगाडा व शरीर एकच असलेली एकसंध पोलादी रचना, १०८९ घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरचे इंजिन आणि चार दारे असे तिचे स्वरूप होते. युद्धोत्तर इटलीत सामान्य कामगार व कारकून यांच्यासाठी फियाटने १९५५ मध्ये ‘६००’ व पुढे ‘नुओव्हा ५००’ बाजारात आणली. ‘११००’ ही त्यांच्याहून एक पायरी वरची, स्थिरस्थावर मध्यमवर्गीय कुटुंबाची मोटार होती.

१९५७ साली याच घराण्यात ‘१२०० ग्रानलूचे’ ही अधिक उंची आवृत्ती जन्माला आली. ‘ग्रानलूचे’ म्हणजे विपुल प्रकाश. खिडक्यांच्या काचा मोठ्या, छत हलके दिसणारे, इंजिन १२२१ घन सेंटिमीटरचे. पुढे १९६२ मध्ये ‘११०० डी’ तयार करताना फियाटने हेच उंची शरीर काहीशा साध्या सजावटीनिशी वापरले आणि इंजिनही तेच मोठे ठेवले. इटलीत ही मोटार फार काळ टिकली नाही. १९६६ मध्ये तिची जागा ‘११०० आर’ने घेतली आणि १९६९ मध्ये पुढच्या चाकांना गती देणारी ‘१२८’ आल्यावर हे घराणेच संपुष्टात आले.

म्हणजे ज्या मोटारीचे आयुष्य तिच्या जन्मभूमीत चार वर्षांचे होते, तिचे भारतीय आयुष्य छत्तीस वर्षांचे झाले. या विषमतेचा उलगडा तुरिनमध्ये होत नाही. त्यासाठी कुर्ल्यालाच यावे लागते.

कुर्ल्यातील रूपांतर

सोलापूरचे वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स कंपनी स्थापन केली. सुरुवातीचा करार अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी होता व १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लायमाउथ या गाड्या जोडून बाहेर पडू लागल्या. भारताच्या अरुंद रस्त्यांना व तुटपुंज्या क्रयशक्तीला त्या झेपणाऱ्या नव्हत्या. पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी फियाटशी करार झाला. प्रथम ‘५००’ व १९५४ पासून ‘११००’ कुर्ल्यात तयार होऊ लागली.

याच सुमारास घडलेली एक घटना या मोटारीच्या भवितव्याच्या दृष्टीने निर्णायक ठरली. १९५३ मध्ये प्रशुल्क आयोगाने अशी शिफारस केली की, ज्या कंपन्यांकडे भारतातच सुटे भाग बनविण्याचा निश्चित कार्यक्रम असेल, त्यांनाच या धंद्यात राहू द्यावे. केवळ जोडणी करणाऱ्या जनरल मोटर्स व फोर्ड या कंपन्यांनी आपला गाशा गुंडाळला. आयातीची दारे बंद झाली. मागे उरली ती हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसडर, प्रीमियरची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड. स्वदेशी उद्योग उभारण्याच्या दृष्टीने हे धोरण योग्यच होते, हे येथे मान्य केले पाहिजे. सुटे भाग बनविणाऱ्या अनेक लहानमोठ्या कारखान्यांचा पाया या सक्तीतूनच घातला गेला. दोष धोरणाच्या आरंभात नव्हता. ते पुढची तीन दशके जवळजवळ जसेच्या तसे चालू ठेवण्यात होता.

१९६४ मध्ये कुर्ल्याहून ‘फियाट ११०० डिलाइट’ बाहेर पडली. शरीर ‘ग्रानलूचे’च्या वंशातले, परंतु इंजिन मात्र जुनेच १०८९ घन सेंटिमीटरचे. इटलीतील ‘डी’ व भारतातील ‘डी’ यांतील हा फरक सहसा कोणी ध्यानात घेत नाही. वास्तविक संपूर्ण भारतीयीकरणाचे मर्म त्यात सामावलेले आहे. जे डोळ्यांना दिसते ते नवे घेतले गेले. जे यंत्राच्या पोटात असते आणि जे बनविण्यासाठी नवी साधने लागतात, ते जुनेच राहिले. कॉपी केलेल्या चित्रात रंग उतरावेत आणि रेषा मात्र आधीच्याच चित्राची राहावी, तसा हा प्रकार होय.

फियाटशी असलेला करार संपल्यावर १९७०च्या दशकाच्या आरंभी मोटारीचे नाव अल्पकाळ ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाले व १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ रूढ झाले. चितोडच्या राणीचे हे नाव. शिवाय कामशास्त्रातील नायिकाभेदात ‘पद्मिनी’ ही सर्वश्रेष्ठ स्त्री मानली गेली आहे. ‘प्रेसिडेंट’ या सत्तावाचक पुल्लिंगी नावावरून सौंदर्यवाचक स्त्रीलिंगी नावाकडे झालेला हा प्रवास ग्राहकाच्या मनोरचनेवर प्रकाश टाकतो. मोटार ही घरात आणावयाची, मिरवावयाची आणि जपावयाची वस्तू आहे, असे हे नाव सांगते. गंमत अशी की, लोकांनी ते नाव फारसे मनावर घेतले नाही. बोलताना ती शेवटपर्यंत ‘फियाट’च राहिली.

चैनीची वस्तू कोणी ठरविली?

१९६४ मध्ये लालबहादूर शास्त्री पंतप्रधान झाल्यानंतर त्यांच्या कुटुंबाने फियाट घेतली. किंमत १२,००० रुपये. घरात ७,००० रुपये होते. उरलेल्या ५,००० रुपयांसाठी पंजाब नॅशनल बँकेचे कर्ज काढावे लागले व जानेवारी १९६६ मध्ये शास्त्रीजींचे निधन झाल्यावर त्यांच्या पत्नी ललितादेवी यांनी ते फेडले. हा प्रसंग शास्त्रीजींच्या सचोटीचे उदाहरण म्हणून नेहमी सांगितला जातो आणि ते यथार्थच आहे. परंतु त्यातील दुसरी बाजू दुर्लक्षित राहते. इटलीत जी मोटार मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबाची होती, ती भारतात पंतप्रधानांनाही कर्जाशिवाय परवडत नव्हती. पंतप्रधानांची ही अवस्था, तर आंबागडच्या धान उत्पादकाची वा चिखल्याच्या खाणकामगाराची कथा वेगळी सांगावयास नको.

१९७०च्या दशकात देशातील मोटारींचे एकूण वार्षिक उत्पादन ५० हजारांच्या आतच राहिले. नोंदणी केल्यावर मोटार हाती येण्यास वर्षानुवर्षे लागत. सरकारने १९६९ मध्ये मोटारींच्या किमतींवर वैधानिक नियंत्रण आणले. कंपन्यांनी त्यास सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. १९७१ च्या निकालात उत्पादनखर्च आणि वाजवी परतावा यांचा हिशेब न्यायालयाला करावा लागला. मोटारीच्या किमतीचा निर्णय ग्राहक आणि कारखानदार यांच्यात न होता न्यायालयात व्हावा, यावरून त्या बाजाराचे स्वरूप कळून येते.

भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात फियाट ही टॅक्सी नव्हती, हे मुंबईकेंद्री लेखनात हरवून जाते. येथे ती डॉक्टरांच्या, वकिलांच्या, भातगिरणीच्या किंवा विडीच्या कारखान्याच्या मालकाच्या दारात उभी असे. तिची गणना बंगला व बंदूक यांच्या पंक्तीत होई. मुंबईत जिचे सार्वजनिक वाहन झाले, तिचेच येथे प्रतिष्ठेचे चिन्ह झाले. एकाच वस्तूचा स्वीकार एकाच राज्यात, एकाच काळात इतका भिन्न असू शकतो. म्हणून ‘पद्मिनी ही सामान्य माणसाची गाडी होती’ हे वारंवार केले जाणारे विधान मान्य करता येत नाही. सामान्य माणूस तिच्यात भाडे देऊन बसला, आणि तेही प्रामुख्याने एका महानगरात.

टॅक्सी आणि मिस्त्री

मुंबईने अँबॅसडरऐवजी फियाट निवडली, कोलकात्याने अँबॅसडर. यास कारखान्यांचे सान्निध्य हे एक कारण असावे. परंतु रचनेचाही वाटा होता. चार मीटरांहून किंचित आखूड लांबी, सुकाणूच्या दांड्यावर बसविलेला गिअर व त्यामुळे पुढे सलग बाकासारखी बैठक, छतावर सामानाचे कॅरिअर लावण्याजोगी मजबुती, हे सारे गर्दीच्या शहरास सोयीचे ठरले. तुरिनच्या रचनाकाराने ज्या बाकावर घरातील माणसे बसतील अशी कल्पना केली, त्या बाकावर उत्तर प्रदेशातून आलेल्या चालकाने आपले दिवस काढले. मुजफ्फर अली यांच्या १९७८ मधील ‘गमन’ या चित्रपटात टॅक्सी हे स्थलांतरिताचे कामाचे ठिकाण म्हणून येते. फारूख शेख यांनी रंगविलेला तो चालक या मोटारीच्या स्वीकाराचा एक महत्त्वाचा दस्तऐवज मानावयास हवा. नंतरच्या काळातील सजावटीच्या सीटकव्हरांच्या कौतुकात ही थकलेली, घराची ओढ असलेली बाजू झाकली गेली.

पद्मिनीचे दीर्घायुष्य हा तिच्या टिकाऊपणाचा पुरावा मानला जातो. हे मतही तपासून घेण्याजोगे आहे. मोटार टिकली, कारण ती टिकविणारे हात स्वस्त होते. साधे यंत्र, उघडता-जोडता येणारे कार्ब्युरेटर, कोठेही मिळणारे अथवा भंगारातून काढता येणारे भाग यांमुळे गल्लीतील मिस्त्री तिचा खरा पालनकर्ता ठरला. तालुक्याच्या गावातील गॅरेजमध्ये या मोटारीवर काम शिकून किती तरी मुले मिस्त्री झाली. कोणत्याही तंत्रनिकेतनाच्या अहवालात त्यांची नोंद नाही. कुर्ल्याच्या कारखान्याने गाडीत सुधारणा करण्याचे जे काम टाळले, त्याची भरपाई या अनामिक कारागिरांनी केली. पद्मिनीच्या गौरवात त्यांचा उल्लेख ओझरता का असतो, हे कळणे कठीण आहे.

पडझड

१४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० ग्राहकांच्या हाती पडली व तीन दशकांची स्थिरता मोडली. प्रीमियरने १९८५ मध्ये ‘११८ एनई’ आणली. तिचे शरीर १९६६ च्या फियाट १२४ चे आणि इंजिन निसानचे. १९६७ साली युरोपात ‘वर्षातील सर्वोत्कृष्ट मोटार’ ठरलेली ही रचना कुर्ल्यात पोहोचेपर्यंत जवळजवळ वीस वर्षे लोटली होती. तिला त्या काळी आलिशान म्हटले गेले. बाजारात तुलनेसाठी दुसरे काही नसले की अशी विशेषणे सुलभ होतात. पुढे प्यूजोशी केलेली भागीदारी कामगारवादात व आर्थिक अडचणीत बुडाली. पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले.

फियाट मात्र महाराष्ट्रातून लगेच गेली नाही. टाटांच्या भागीदारीत पुण्याजवळ रांजणगाव येथे कारखाना चालला व जानेवारी २००९ मध्ये ‘लिनिया’ ही सलून मोटार आली. रस्त्यावरील स्थैर्याबद्दल तिची वाखाणणी झाली, परंतु खप झाला नाही. त्याच कंपनीचे १.३ लिटरचे डिझेल इंजिन मात्र मारुती स्विफ्टपासून अनेक गाड्यांत बसले. १९६४ मध्ये भारताने इटलीचे शरीर घेतले होते आणि इंजिन जुनेच ठेवले होते. यावेळी ग्राहकाने इंजिन घेतले आणि शरीर नाकारले. दुरुस्तीची सोय व सुटे भाग यांविषयीचा अविश्वास हे त्यामागील कारण असल्यास, गल्लीतल्या मिस्त्रीचे महत्त्व पुन्हा अधोरेखित होते.

मुंबईत टॅक्सीसाठी वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदविलेली अखेरची पद्मिनी टॅक्सी त्यानुसार ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून दूर झाली. एखादी टॅक्सी संग्रहालयात जतन करावी, अशी मागणी त्या वेळी झाली. मागणी रास्त आहे, पण अपुरी आहे. रंगविलेले पोलादी शरीर काचेच्या दालनात ठेवल्याने कुर्ल्याच्या कारखान्यातील कामगार, प्रतीक्षायादीतील ग्राहक, तालुक्याच्या गावातील गॅरेज यांपैकी काहीच दिसणार नाही. कारखान्याची रेखाटने, कामगार संघटनांची कागदपत्रे, वितरकांच्या नोंदवह्या आणि हयात असलेल्या मिस्त्रींच्या मुलाखती हे साहित्य गोळा करण्याचे काम महाविद्यालयांच्या इतिहास, अर्थशास्त्र व मराठी या विभागांना आपापल्या तालुक्यात करता येण्याजोगे आहे. तुमसर आणि भंडाऱ्याच्या गॅरेजांतून फियाटवर हात बसविलेली पिढी आज सत्तरीच्या घरात आहे.