भास, वस्तू आणि बरवे यांची चित्रे

अतिवास्तववादी चित्रांचा विषय निघाला की आमच्या लोधीखेड्यात दोन मते हटकून ऐकू येतात. ही सारी फसवणूक आहे, हे एक; आणि यात नवे ते काय, आपल्या वेदान्ताने जग मिथ्या म्हटलेच आहे, हे दुसरे. पहिले मत उतावळेपणाचे आहे. दुसरे अधिक आदरणीय खरे. परंतु तेही आम्हांस मान्य नाही.

दोरीवर सर्प भासतो. दिवा आणताच तो नाहीसा होतो. ज्ञानाने ज्याचा बाध होतो तो भास, असे वेदान्ताचे म्हणणे. आता बेल्जियन चित्रकार रने मागरीत याचे १९२९ सालचे चित्र घ्या. त्याने तंबाखू ओढण्याचा पाइप हुबेहूब रंगविला आणि खाली लिहिले की हा पाइप नव्हे. वाक्य खरेच आहे. त्या पाइपात तंबाखू भरता येणार नाही. पण हे कळल्यावरही पाइप दिसेनासा होत नाही. भास ओळखला, तरी तो उरला. चित्रकलेचा खरा प्रश्न येथून सुरू होतो.

मराठी चित्रकारांत या प्रश्नाची उपासना प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांनी निष्ठेने केली. साठोत्तरी काही वर्षे ते काशीस विणकर सेवा केंद्रात होते. तेथे तांत्रिक चिन्हांचा संस्कार त्यांच्यावर झाला. पुढे ती चिन्हे मागे पडली आणि घड्याळ, पान, शंख अशा परिचित वस्तू मोकळ्या अवकाशात एनॅमल रंगांत अवतरल्या. त्यांना सरसकट अतिवास्तववादी म्हणणे आम्हांस पटत नाही. आंद्रे ब्रेताँच्या १९२४ च्या जाहीरनाम्याने विवेकाचा लगाम सैल सोडण्यास सांगितले. बरवे यांची वस्तू मात्र पूर्ण जागेपणी, मोजूनमापून ठेवलेली दिसते. दालीचे घड्याळ १९३१ साली वितळले. बरवे यांचे घड्याळ वितळत नाही, ते केवळ उपयोगातून सुटते. मग ते आपण प्रथमच पाहतो. ‘कोरा कॅनव्हास’ (१९९०) या ग्रंथात त्यांनी आपले चित्रचिंतन मराठीतच मांडले, हाही त्यांचा मोठा उपकार.

दोषही सांगितला पाहिजे. कोठे कोठे वस्तूंची जुळणी कोड्यासारखी होते. प्रेक्षक पाहणे सोडून उत्तर शोधू लागतो, आणि तेथे चित्र हरते. शिवाय आम्ही ही चित्रे बहुतांशी छापील प्रतींतच पाहिली आहेत. एनॅमलची झळाळी कागदावर उतरत नाही. तेवढ्या मर्यादेतच आमचा अभिप्राय वाचकांनी घ्यावा.

जवळच जामसावळीस पहुडलेल्या मारुतीसमोर भाविक उभा राहतो. तो पाषाण ओळखतो, शेंदूरही ओळखतो. तरी तो फसलेला नसतो. चित्र हे दैवत नव्हे, आणि त्यास नमस्कार करावा असे आमचे म्हणणे नाही. परंतु जाणूनही पाहत राहणे ज्यास देवळात साधते, त्याने चित्रापुढे येताच ‘फसवणूक’ म्हणून पाठ फिरवू नये, एवढीच आमची विनंती.